मावशीने दुरुस्त केलेला फ्रिज

संगीतकारांवरच्या डॉक्युमेंटऱ्या बघायचं मला भारी वेड. त्यातही चार कलावंत एका छपराखाली राहतात, एकत्र रांधतात आणि वाजवता वाजवता भांडतात, अशी फिल्म असली की मला तहानभूक लागत नाही. आणि तशाच एका घरात राहिलेली माझी सख्खी मावशी मात्र हा विषय निघाला की उठून भांडी घासायला लागायची. म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा!

मावशी कपडे शिवते. आईने सांगितलं ते असं: तरुणपणी तिने चार वादकांबरोबर मिळून घर भाड्याने घेतलं होतं. एक व्हायोलिनवाली, दोन गिटारवाले आणि एक बासरीवाला. सुरातलं ओ की ठो न कळणारी ही एकटीच. स्वयंपाकघरात एक जुना फ्रिज होता, तो सदानकदा एकाच सुरात घुमायचा. त्या सुरालाच तारा लावायच्या, असा त्या घरचा रिवाज पडला. बासरीवाल्याने तर बासरीही त्याच सुराला बेतून करून घेतली होती. कसली वेडी माणसं!

पण फ्रिजमध्ये दूध रोज नासायचं. एकदा सगळे बाहेर गेलेले बघून मावशीने मेकॅनिकला बोलावलं. फ्रिज गार झाला, पण त्याचा सूर उतरला. हिला काय कळतंय? ही खूश. संध्याकाळी कार्यक्रम होता. तिघांनी घाईघाईत सवयीप्रमाणे फ्रिजपाशी तारा लावल्या आणि पळाले. बासरीवाला कामावरून परस्पर हॉलवर आला. पहिल्याच ओळीत तारा एकीकडे नि बासरी भलतीकडे. तारा पुन्हा लावेपर्यंत लोकांची हसून पुरेवाट झाली. बासरीवाला तणतणत उठून गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याने घर सोडलं. मग बाकीचेही एकेक करून पांगले.

"चांगलं नांदतं घर माझ्या हाताने मोडलं गं," एवढंच मावशी म्हणायची. ते घर मोडल्यापासून विचारल्याशिवाय ती कशालाही हात लावेना. आमच्याकडे आली तरी पंखा लावू का, पाणी घेऊ का? गिऱ्हाईकाचं कापड हातात घेतलं की "कापू ना? नक्की?" आमच्या स्वयंपाकघराचं दार करकरलं की ती कसनुशी त्याच्याकडे बघायची आणि पुढे केलेला हात मागे घ्यायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "आता श्वास घेऊ का तेही विचार!" तर तिने खरंच माफी मागितली.

आणि नेमकी त्याच घरावर डॉक्युमेंटरी निघाली. मावशीने कॅमेऱ्यासमोर बोलायला साफ नकार दिला होता. मी तिला जवळजवळ ओढूनच आमच्या टीव्हीसमोर बसवलं.

"नको गं. आता जगापुढे माझा उद्धार होणार."

"होऊ दे. एकदाचा काय तो सोक्षमोक्ष लागू दे."

व्हायोलिनवाली हसत हसत फ्रिजचा किस्सा सांगायला लागली, तशी मावशीची नखं माझ्या मनगटात रुतली. मग पडद्यावर बासरीवाला आला. केस पार पांढरे.

"खरं सांगू? कार्यक्रमाच्या आधीच मी दुसऱ्या शहरात नोकरी धरली होती," तो म्हणाला. "जायचंच होतं. पण या लोकांना सांगायची हिंमत होत नव्हती. त्या दिवशी सगळं बेसूर झालं आणि मला भांडायला आयतं निमित्त मिळालं. आमच्या शिवणवाल्या ताईला वाटत असेल, तिचं चुकलं. तिला कुणीतरी सांगा हो."

मावशी ताडकन उठली. "अरे मेल्या! दुसरं कुणीतरी कशाला? तुझी जीभ झडली होती का?" तिने टीव्हीलाच दम भरला. मग मटकन बसून ढसाढसा रडली, आणि रडता रडताच हसायला लागली.

"म्हणजे मी नाही मोडलं," ती म्हणाली. "मी नाही गं."

"नाही मावशे." मलाही इतकं हायसं वाटलं की नाक पुसायला पदर सापडेना, मी तिचाच ओढला.

फिल्म संपायच्या आधीच ती उठून आत गेली. तोंड धुवायला गेली असेल, म्हणून मी बसून राहिले. बराच वेळ झाला तरी येईना. आत डोकावले तर ही बाई स्टुलावर उभी! हातात आमच्या खणातला स्क्रूड्रायव्हर, शेजारी तेलाची बाटली, आणि स्वयंपाकघराच्या दाराची वरची बिजागरी निम्मी उघडलेली.

"मावशी, अगं काय चाललंय?"

"किती वर्षं करकरतंय हे मेलं," माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "स्टूल धर घट्ट."

मी दोन्ही हातांनी स्टूल धरलं.