उन्हावरचा चहा

हडपसरला कारखानदारांची एक संघटना आहे, तिथे मी चहा करते. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, मागे माझी बिनदाराची पँट्री आणि पुढे अंगण. अंगणापलीकडची मोठी शेड दोन वर्षं रिकामी होती. आसपासच्याही एकेक रिकाम्या होत होत्या. शेड रिकामी झाली की संघटनेतला एक माणूस कमी होतो आणि माझा एक कप कमी होतो.

उन्हाची वीज साठवायच्या बॅटऱ्या करणारी एक परदेशी कंपनी जागा शोधत होती. ती आपल्याकडे यावी म्हणून साहेबांनी पत्रांवर पत्रं लिहिली. साहेब म्हणजे संघटनेचे सेक्रेटरी. कोथरूडला राहतात, रिटायर झालेत, पण दहाच्या ठोक्याला हजर.

"ही एक आली की मागोमाग तसल्याच चार येतील," ते आमच्या ऑफिसातल्या क्लार्कभाऊंना म्हणाले. "धूर नाही, राख नाही. आणि नाही आली, तर दिवाळीनंतर कुलूप लावून किल्ली देऊन टाकू."

क्लार्कभाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, म्हणजे आपलं दोघांचं विसर्जन."

मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

गणपती झाल्यावर पाहुणे जागा बघायला येणार असं ठरलं. साहेबांनी घरच्या माळ्यावरून जुनी सूर्यचूल काढली. काळी पेटी, वर काच, झाकणाला आरसा. ती स्कूटरवर पुढ्यात उभी करून आणली. "आज प्रत्येक सिग्नलला लोक माझ्याकडेच बघत होते," असं मोठ्या आनंदाने सांगत होते. आरशाचं ऊन डोळ्यांत गेल्यावर लोक दुसरं काय करणार? पाहुण्यांना द्यायच्या पत्रकात त्यांनी छापून घेतलं, 'आमच्याकडे चहासुद्धा उन्हावर होतो.'

मी चार दिवस करून पाहिलं. भात होतो, डाळ शिजते. शेंगदाणे असे खमंग भाजले जातात की क्लार्कभाऊ दुपारी दोनदा 'हवा बघायला' अंगणात जायचे. चहा मात्र होत नाही. पाणी तापतं, पण उकळी फुटत नाही, आणि पावडर नुसती पोहत राहते. हे मी साहेबांना सांगितलं. म्हणजे मला वाटतं, मी सांगितलं. त्यांच्या टेबलापाशी उभी राहून मी कपबशीशी बोलत होते. साहेब म्हणाले, "हो हो, साखर कमीच."

भेटीच्या दिवशी चूल रिकामी दिसू नये म्हणून सकाळीच एका डब्यात शेंगदाणे लावले. दुसऱ्यात चहाचं पाणी. शेंगदाणे झाले आणि बाराला ढग आले. पाहुणे तीनला यायचे होते. अडीचला क्लार्कभाऊंनी पाण्यात बोट घालून पाहिलं.

"ताई, ह्यात बाळाची अंघोळ होईल. चहा गॅसवर करा आणि डबा चुलीत नेऊन ठेवा. कोणाला कळतंय?"

मी तसं केलं. उरला सिलिंडर. तो छोटा होता, पण लालभडक. पँट्रीला दार नाही आणि पाहुणे कोपरान् कोपरा बघणार. क्लार्कभाऊंनी तो उचलून हॉलच्या कोपऱ्यात ठेवला. झाकायला हाताशी सत्काराची शाल होती, ती त्यावर पसरली आणि वर नारळ ठेवला. चार पावलं मागे जाऊन पाहिलं. "वा! देवघर झालं," म्हणाले.

पाहुणा ताडमाड उंच होता. त्याचं बोलणं आम्हाला सांगायला एक मराठी मुलगी बरोबर होती. अंगणात साहेबांनी स्वतः चूल उघडून त्याला चहा दिला. त्याची जीभ भाजली. त्याने आभाळाकडे पाहिलं, चहाकडे पाहिलं, पुन्हा आभाळाकडे पाहिलं.

"सर विचारतायत," मुलगी म्हणाली, "एवढं क्लाउडी असताना हा बॉइल कसा झाला?"

"आपल्याकडचं ऊन कडक," साहेब म्हणाले. "ढगातूनसुद्धा लागतं."

क्लार्कभाऊंना ठसका लागला.

मग हॉलमध्ये सत्कार. साहेब भाषणाच्या भरात होते. क्लार्कभाऊ उठायच्या आत ते स्वतःच कोपऱ्यात गेले, डाव्या हाताने नारळ उचलला आणि उजव्याने शाल ओढली.

सिलिंडर. वर रेग्युलेटर, खाली लोंबणारी नळी.

पाहुण्याने सिलिंडर पाहिला, मग हातातला कप पाहिला. साहेब नारळ धरून तसेच उभे. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, कारण चहा माझा. आता कंपनी गेली, ऑफिस गेलं, माझी शेगडी गेली. मी तोंड उघडलं आणि आवाज एवढा मोठा निघाला की मीच दचकले.

"चहा गॅसवर केलाय! उन्हावर चहा होत नाही! शेंगदाणे होतात!"

मुलीने ते त्याच्या भाषेत सांगितलं. पाहुणा हसला नाही. "दाखवा," म्हणाला. मी डबा आणला. तो सालासकट खायला लागला, तेव्हा क्लार्कभाऊंनी त्याला तळव्यावर चोळून फुंकर मारायला शिकवलं. त्याने फुंकर मारली. सगळी सालं साहेबांच्या कोटावर.

"आणि ढग आले की तुम्ही काय करता?" त्याने मुलीकरवी मला विचारलं.

"गॅस लावते."

हे ऐकून मात्र तो खुर्चीत मागे रेलून हसला. मुलगीही हसत सांगू लागली, "सर म्हणतायत, ढग आल्यावर काय करायचं, हाच तर आमचा बिझनेस आहे. तीन शहरं फिरलो. सगळीकडे एकच उत्तर, आमच्याकडे ढग येतच नाहीत!"

दिवाळीच्या आधी कंपनीने शेड घेतली. बॅटऱ्यांची पहिली खोकी आली त्या दिवशी मी बावीस कप चहा केला, गॅसवर. शाल आपण मुद्दामच ओढली, असं साहेब आता सगळ्यांना सांगतात.

शाल पाहुण्याबरोबर गेली. नारळ गडबडीत सिलिंडरपाशीच राहिला, त्याची मी चटणी केली. काल शेगडी विझत आली तेव्हा क्लार्कभाऊंनी सिलिंडर हलवून पाहिला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "साहेब, सत्कारमूर्ती संपले! दुसरे मागवा!"