मानकोलीपर्यंतचं तिकीट

भिवंडीला फिरायला कोणी जात नाही. लोक तिथे माल आणायला जातात, कोर्टाच्या तारखेला जातात, नाहीतर सासर असेल तर जातात. माझं सासर आहे, पण गेली पाच वर्षं ते असून नसल्यासारखं होतं. म्हणून मागच्या महिन्यात नवऱ्याने, जगदीशने, "रविवारी शेलारला जाऊ, दादाला घेऊन येऊ" असं जाहीर केलं, तेव्हा मी कणीक मळायची थांबून त्याच्याकडे बघतच राहिले.

दादा म्हणजे माझे मोठे दीर. आईवडील लवकर गेले. दादांनी भिवंडीच्या निजामपुऱ्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, रात्रपाळ्या करून जगदीशला इंजिनिअर केलं. पुढे शेलारच्या, म्हणजे गावच्या, भातजमिनीला गोदामवाल्यांचं गिऱ्हाईक आलं आणि जगदीशने "माझा हिस्सा वेगळा काढून दे" म्हटलं. दादांनी दिला. भांडण नाही, तंटा नाही, फक्त त्या दिवसापासून बोलणं बंद. आमच्या ठाण्याच्या घराला त्यांचे पाय लागले नाहीत, वास्तुशांतीलाही नाहीत. यंदा एका लग्नात दोघे भाऊ एकाच पंगतीत बसले आणि पापड मोडता मोडता दादाच म्हणाले, "येन एकदा तुमचे घरी. चार दिस ऱ्हाईन." बस, एवढ्या बोलावर आम्ही निघालो.

आता प्रवासाचं. ठाण्याहून भिवंडीला एसटी आहेच, पण आम्ही मुद्दाम एका खासगी बसची वाट बघत उभे राहिलो, कारण जगदीशच्या कंपनीची त्यात चाचणी चालू आहे. दाराजवळच्या खांबाला दुधाच्या पिशवीएवढं एक यंत्र बसवलंय. खास चिप घातलेला मोबाइल त्याला टेकवायचा, टुक् असा आवाज होतो, हिरवा दिवा लागतो आणि ठाणे-भिवंडीचं भाडं फोनमधून कापलं जातं. सुटे नकोत, तिकीट नको. असे फोन सध्या मोजक्याच लोकांकडे आहेत आणि जगदीशला ऑफिसची सक्त ताकीद आहे की बसमध्ये चढलं की आधी फोन टेकवायचा, विसरायचं नाही. तो झोपेतही विसरणार नाही, इतका त्याचा हात बसलाय.

"आणि माझं?" मी विचारलं.

"एका फोनवर एकच माणूस. दुसऱ्यांदा टेकवला तर लाल दिवा लागतो. पुढच्या टप्प्यात कुटुंबाची सोय करणार आहेत."

म्हणजे सोळा रुपये सुटे शोधत मी पर्स उपसत होते आणि नवरा शेजारी साहेबासारखा बसला होता. मी त्याची खूप थट्टा केली. तेव्हा थट्टा सुचत होती.

रस्त्याबद्दल काय सांगू? खारेगावपर्यंत बरा, पुढे ट्रेलरच्या मागे ट्रेलर. हायवेच्या दोन्ही अंगांना जिथे भात पिकायचा तिथे आता निळ्या पत्र्याची गोदामं उभी आहेत. आपलं शेत कुठलं होतं ते जगदीशला बसमधून दाखवता येतं का असं मी विचारणार होते, पण शेलार पलीकडच्या अंगाला आहे हे आठवलं आणि गप्प बसले. भिवंडीत उतरलो तेव्हा वीज गेलेली होती. लूम बंद, गल्ल्या शांत, कामगार ओट्यांवर बसून विड्या ओढत होते. मला ती शांतता आवडत नाही. भिवंडीत खडखड थांबली की कोणाच्या तरी घरात कमी शिजणार, हे मला लग्नानंतर पहिल्याच वर्षी कळलं होतं.

स्टँडवरून शेलारला शेअर रिक्षा मिळते. भरल्याशिवाय निघत नाही, घाई असेल तर या वाटेला जाऊ नका. आमच्याबरोबर एक म्हातारी बाई आणि तिच्या गावचा एक माणूस होता. उतरताना दोघांत जुंपली.

"मावशे, ठेव तं पैसं. मी देतंय."

"आरं पण मागचे येलला पण तूच दिलंस!"

"मंग काय झाला? मी बसलेला असतांना तू देशील?"

रिक्षावाला उत्तर प्रदेशचा. हँडलवर कोपर टेकून निवांत बसला होता. मला म्हणाला, "रोज का है मॅडम. ये लोग किराया बचाने के लिए नहीं, खुद देने के लिए लड़ते हैं." मी हसले. जगदीश हसला नाही. तो बाहेर बघत होता, आणि मला वाटलं, लहानपण आठवत असेल.

दादा ओट्यावर तयार होऊन बसले होते. पांढरा शर्ट, नवीन घडीचा. शेजारीपाजारी जमलेले. दादा एकेकाला सांगत होते, "भावाकडं जातंय, ठान्याला. चार दिस." कोणी विचारत नसलं तरी सांगत होते. जाऊबाईंनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं. असं कालवण तुम्हाला कुठल्याही हॉटेलात मिळणार नाही, शोधूही नका. निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "सुषमे, रातचे झोपलं न्हाय हे. पिशवी तीनदा भरली." मग म्हणाल्या, "नीट बघ त्याहना."

परतीच्या रिक्षात दादांनी तिघांचं भाडं दिलं. जगदीशने खिशात हात घातला तर दादांनी त्याचं मनगट धरलं. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी भावाला हात लावला होता. जगदीशचे डोळे भरून आले आणि मला वाटलं, झालं, मिटलं सगळं.

स्टँडवर बस आली तशी गर्दी आत घुसली. जगदीश पुढे होता, मागे दादा, त्यांच्यामागे मी. मी टुक् ऐकलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि त्यालाही वाटलं नसणार. त्याला पुढे उभं राहायला जागा मिळाली, आम्हाला दोघांना मागचं बाक मिळालं. बस हलली. कंडक्टर आला तेव्हा दादांनी शर्टाच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या. घरूनच घडी घालून तयार ठेवल्या होत्या.

"तीन ठाणा," दादा म्हणाले. "तो पुढं उभा हाय ना, निळ्या शर्टाचा, तो भाव माझा."

"उनका हो गया, चाचा."

"कोनी काढला?"

"खुद ही निकाला. मोबाइल से."

दादांनी नोटा हातातच धरल्या. मग विचारलं, "तिघांचा?"

"नहीं. एक का."

मी घाईने बोलायला लागले. दादा, ते यंत्रच तसं आहे, एकाचंच घेतं, ऑफिसचं काम आहे त्याचं. मी काय काय बोलले आठवत नाही. दादांनी सगळं ऐकून घेतलं. वेडावाकडा शब्द नाही. "कलला मना," म्हणाले. मग कंडक्टरकडे वळून, "एक ठाणा, हिचा. एक मानकोली."

मानकोली म्हणजे हायवेवरचा पुढचा मोठा नाका. ठाण्याच्या निम्म्या वाटेवरही नाही.

मी जगदीशला हाका मारल्या. तो गर्दीतून कसाबसा मागे येईपर्यंत नाका आला होता. "दादा, अरे सवयीने टेकवला रे! कंपनीचे पैसे ते, माझे पण नाहीत!" सगळी बस बघत होती. दादा पिशवी उचलत म्हणाले, "बराबर हाय. तुजा तू काढलास, हिचा मी काढला. आता कोनाचा कोनाकडं न्हाय." आमच्यासाठी आणलेला बोंबलाचा पुडा माझ्या मांडीवर ठेवला आणि उतरले. जगदीशने त्यांच्यामागे उडी मारायला हवी होती. तो खांबाला धरून उभा राहिला, आणि बस सुटली. या एका गोष्टीचा मला अजून राग येतो, आणि राग कोणावर काढायचा हे कळत नाही.

घरी आल्यावर कोणी जेवलं नाही. संध्याकाळी जाऊबाईंचा फोन आला. "पोचलं ना गो?" माझ्या तोंडून "हो ताई" निघून गेलं. दादा शेलारला परत गेलेच नव्हते. सगळ्या गावाला चार दिवस सांगून निघालेला माणूस दोन तासांत कुठल्या तोंडाने परत जाईल?

दुसऱ्या दिवशी जगदीश मानकोलीला गेला. दादा त्यांच्या जुन्या जोडीदाराच्या, एका गोदामाच्या रखवालदाराच्या केबिनमध्ये होते. जगदीशने पाय धरले. दादांनी त्याला उठवलं, चहा पाजला, त्याची ड्युटी कशी चाललीय विचारलं. ठाण्याला आमच्या घरी चल म्हटल्यावर मात्र मान हलवली. "चार दिस सांगलेत. चार दिसांनी शेलारला जान." जगदीशने हे सगळं मला दारात उभ्या उभ्याच सांगितलं आणि चप्पल न काढता तिथेच खाली बसला.

या सफरीतून काय मिळालं, असं माझं प्रवासाचं लिखाण वाचणारे तुम्ही नेहमी विचारता. चाचणी उत्तम चालली आहे. एकदाही लाल दिवा लागला नाही. कोणी त्या बसने जाणार असाल तर एवढंच सांगते, बरोबर वडीलधारं माणूस असेल तर फोन खिशात ठेवा आणि त्यांना तिकीट काढू द्या. ऑफिस काय म्हणायचं ते म्हणू दे. आम्हाला हे सांगायला कोणी नव्हतं, आणि खरं म्हणजे जगदीशला सांगायची गरजच पडायला नको होती.

परवा जाऊबाईंचा पुन्हा फोन आला. आवाजात इतका आनंद होता की मला खुर्ची ओढून बसावं लागलं.

"काय गो सुषमे, किती केलंस त्यांचा! आल्यापास्ना तुमचेच घराचा सांगतान. घर मोठा हाय, जग्या हातानी ताट वाढत होता, बाल्कनीतनं खाडी दिसते."

"हो," मी म्हटलं.

आमच्या घराला बाल्कनी नाही.