मुक्ताबाईच्या लग्नातला रेडिओ

माफी मागणं आश्रुबाच्या रक्तातच नव्हतं. सिरसाळ्यात कुणालाही विचारा. चूक त्याची असली तरी हा गडी आधी तुमची मोटर दुरुस्त करून देईल, पंख्याला तेल घालील, पण 'चुकलं' हा शब्द काही तोंडातून काढायचा नाही. म्हणून बायकोचा वरीसभराचा अबोला मोडायची पाळी आली, तेव्हा त्यानं माळ्यावरचा रेडिओ खाली काढला.

रेडिओ मुक्ताबाईचा. तिच्या वडलांनी लग्नात दिलेला, कातडी कव्हरचा, दोन बँडचा ट्रान्झिस्टर. परभणी स्टेशन लावल्याबिगर तिची भाकरी तव्यावर पडत नसे. पुढं टीव्ही आला, मोबाइल आला, आणि रेडिओ माळ्यावर गेला तो गेलाच.

आश्रुबा साखर कारखान्यात वायरमन होता, पण नाव झालं ते रेडिओनं. ड्युटीवरून आला की ओसरीत पोतं अंथरून बसायचा आणि आसपासच्या गावांतले मुके सेट बोलते करायचा. त्याची पद्धत ठरलेली. उजव्या हातात पेचकस, डाव्या हातानं सेट डाव्या कानाला चिकटवलेला, डोळे मिटलेले. आवाज अगदी बारीक ठेवायचा, कारण एकदम मोठा केला की जुन्या स्पीकरचा कागद फाटतो. नुसत्या खरखरीवरून सांगायचा, जोड कुठं सुटलाय ते. "मीटर खोटं बोलंल, माझा कान न्हाई बोलणार," असं छाती ठोकून सांगायचा, आणि खरंच तसा कान होता त्याचा.

आता अबोल्याचं सांगतो. गेल्या उन्हाळ्यात पुण्याचा पोरगा अनिल म्हणाला, "बाबा, आईला घेऊन आमच्याकडंच या आता कायमचे." मुक्ताबाईचा चेहरा नातीच्या आठवणीनं फुलला. आश्रुबा मात्र भडकला. "मी न्हाई येणार! तुला जायचं तर तू जा, खुशाल जा!" असं तो पोरासमोर बोलून बसला. मुक्ताबाई गेली नाही. पण हळूहळू तिचं बोलणंच आटलं. समोर ताट ठेवताना "वाढू का?" एवढंच. बाकी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, आपल्या कायमच्या जागी, ज्वारी निवडत खाली मान घालून बसायची. भरल्या घरात नुसता पंख्याचा आवाज. या माणसाला तो आवाज खायला उठायचा, पण सांगतो कुणाला!

तर रेडिओ उघडला. सेल फुटून पत्र्यांवर हिरवा थर चढला होता, तो पॉलिश पेपरनं घासला. स्टेशन पकडणाऱ्या काळ्या दांडीवरची तार तुटली होती, केसाएवढी. चष्म्यावर चष्मा लावून तिला कथलाचा डाग दिला. वाळलेले कंडेन्सर परळीहून आणून बदलले. नवे सेल घातले आणि डोळे मिटून सेट कानाला लावला.

काहीच नाही. साधी खरखरही नाही.

आश्रुबा चक्रावला. मीटर लावलं तर काटा कसा झकास हलतोय! सेट करंट घेतोय म्हणजे जिवंत आहे, आणि कान म्हणतोय मेलाय. मग मीटरच बाद झालं असणार, दुसरं काय! त्यानं चांगले डाग उकलून पुन्हा दिले. स्पीकर बदलला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सगळ्या मुलखाचे रेडिओ वाजवले आणि बायकोचाच वाजत नाही? मग तिच्यापुढं ठेवायचं काय?

"मेला तिकडं!" म्हणत त्यानं सेट उजव्या बाजूला पोत्यावर टेकवला. तेवढ्यात लाईट गेली आणि पंखा थांबला.

कुणीतरी बाई बोलत होती. वांग्याच्या रोपांना पाणी कसं द्यावं ते सांगत होती. आवाज बारीक, पण स्वच्छ.

आश्रुबा ताडकन सरळ झाला. सेट बोलत होता! त्यानं झडप घालून तो कानाला लावला आणि बाई गप्प झाली. "लूज हाय कुठंतरी!" खाली घेतला की बाई सुरू. कानाला लावला की बंद. सेट हलवून पाहिला, ठोकून पाहिला. मग कसं कोण जाणे, त्यानं तो उजव्या कानाला लावला. बाई नीट बोलत होती. पुन्हा डावीकडं नेला. शांत. त्यानं डाव्या कानाजवळ चुटकी वाजवली. बोटं हलली, आवाज आला नाही. दुरुस्तीला रेडिओ यायचे केव्हाच थांबले होते आणि मोबाइल तो कायम उजव्या कानाला धरायचा, त्यामुळं कळणार तरी कसं! मीटर खरं बोलत होतं, खोटा निघाला होता कान.

हादरून त्यानं डावीकडं मान वळवली. उंबऱ्यावर बसलेल्या मुक्ताबाईचे ओठ हलत होते.

तो अख्खा वळून बसला. "काय म्हणलीस?"

"आज बरे बोलायलात!" मुक्ताबाई म्हणाली. "मी म्हणले, परवाधरनं वाजतंय की ते. दोनदा सांगितलं. तुमी डोळे मिटून बसलेले."

"मला ऐकू न्हाई आलं."

"कसं येईल? वरीस झालं, मी हितून बोलते आन् तुमी हूं का चूं करत न्हाईत. म्हणलं, पुण्याचा राग धरलाय. मग मीबी गप झाले."

आश्रुबानं डाव्या कानाला हात लावला. "मुक्ता, हा कान गेलाय माझा. मला आत्ता कळलं."

तिच्या हातातलं सूप खाली आलं. ज्वारी सांडली. "अगं बाई! मग त्यादिशी बोललेलंबी न्हाई ऐकलं तुमी?"

"कवा?"

"तवाच, अनिल गेल्यावर. तुमी कुणाचा तरी पंखा खोलून बसलेलात. तोंडावर बोलायची लाज वाटली, म्हणून ज्वारी निवडता निवडता म्हणले..." ती आताही ज्वारीकडंच बघत होती. "म्हणले, न्हाई जायचं मला पुण्याला. तुमच्याबिगर करमायचं न्हाई. हितंच ऱ्हाऊ दोघं."

भांडण त्याच आठवड्यात मिटलं होतं. अन् आश्रुबा वरीसभर ते एकटाच भांडत होता. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसायचंही भान राहिलं नाही.

मुक्ताबाई उठली, सांडलेल्या ज्वारीवरूनच चालत आली आणि त्याच्या उजव्या अंगाला पोत्यावर टेकली. रेडिओवर वांग्याचं अजून चाललंच होतं. आश्रुबानं हात लांब करून बटण बंद केलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "ते पुन्ना एकदा म्हण."