सुहासनं लिहिलेला निरोप

सुहास गेल्याचं आम्हाला डॉक्टरांनी सांगण्याआधी शेजारच्या बाकावरच्या माणसाला कळलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी आणि आई बसलो होतो. त्या माणसाची बायको किडनीची पेशंट. डायलिसिसला जागा मिळावी म्हणून दोघं रोज येऊन बसायची. त्याचा मोबाइल वाजला. त्यानं वाचलं आणि तो ओरडलाच, "अगं, लागला की नंबर! जागा रिकामी झालीया!" तिनं हात जोडले. "वाडीला जाऊन दत्ताला नारळ ठिवायचा बघा." मला पुढचं काही ऐकू आलं नाही... तो मेसेज माझ्या भावानं, सुहासनंच, दवाखान्याच्या प्रोग्रॅमसाठी लिहून ठेवलेला होता. डायलिसिसवरचा पेशंट दगावला की सिस्टर त्याचं नाव काढणार आणि पुढच्याला आपोआप निरोप जाणार, हे मला ठाऊक होतं. आणि आत झुंजत होता तो एकटा सुहासच.

आम्ही नेसरीचे. सुहास कोल्हापुरात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला होता, दुसऱ्या वर्षाला दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आईची जुळली नाही, मला मधुमेह. आठवड्यातले निम्मे दिवस मशीनवर, मग हजेरी कुठली भरणार? विभागप्रमुखांना भेटायला मी त्याला घेऊन गेले. ते त्याच्याकडे न बघताच मला म्हणाले, "आजारी आहे तर घरी ठेवा की. शिकून काय उपयोग त्याला?" सुहासनं नमस्कार केला आणि बाहेर आला. त्या दिवसापासून तो कॉलेजात गेला नाही. मशीनला जोडलेला असतानाच शिकू लागला. डाव्या हातात सुया, तो हात हलवायचा नाही. लॅपटॉप पोटावर ठेवून उजव्या हातानं टाइप करायचा. दोन बटणं एकदम दाबायची वेळ आली, की अंगठा आणि करंगळी ताणून ताणून दुखायला लागायची. कोडमधल्या एका चुकलेल्या स्वल्पविरामासाठी मशीनवरची अख्खी पाळी घालवलेली मी पाहिली आहे, आणि तो सापडल्यावर त्याला झालेला आनंदही.

मशीनच्या पाळ्यांवरून पेशंटांची भांडणं लागायची. ती बघून त्यानं दवाखान्यासाठी प्रोग्रॅम लिहिला. निरोपाची वाक्यं त्यानं मला वाचून दाखवली. मी म्हटलं, "'जागा रिकामी झाली' असं नको रे, कसंतरी वाटतं."

"अक्का, कोण गेल्याबिगर हितं जागा होत न्हाय. खोटं कशाला लिवू?"

मग एका कंपनीनं मुलाखतीला बोलावलं, व्हिडिओवर. दिवस डायलिसिसचाच निघाला. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला, एक बाही दुमडून सुयांसाठी मोकळी ठेवली आणि कॅमेरा फक्त चेहऱ्यावर धरला. त्याचं काम त्यांना आवडलं. कधी रुजू होणार, इथवर बोलणं आलं, आणि मशीनचा अलार्म वाजला. "हा आवाज कसला?" सुहासनं खरं सांगितलं. पलीकडचे लोक फार गोड बोलले. संध्याकाळी मेल आला: आधी पूर्ण बरे व्हा, मग जरूर संपर्क साधा.

"बरा व्हऊन ये म्हणत्यात," तो म्हणाला. "म्हंजे येऊच नको, की." काही दिवस त्यानं लॅपटॉप उघडला नाही. पुन्हा उघडला तेव्हा थंडी वाजून ताप भरला होता. सुयांच्या जागेतून संसर्ग रक्तात गेला होता. त्यातून तो उठला नाही.

त्याचा प्रोग्रॅम चालतोय. मागच्या आठवड्यात त्याचे कागद आणायला गेले, तेव्हा दवाखान्याचे साहेब पाहुण्यांना तो दाखवत होते. "आमच्याच स्टाफनं केलाय," म्हणाले. मी दारात उभी होते. त्यांनी मला ओळखलं नाही. आत कुणीतरी सुहासच्या खाटेवर पडलेलं होतं, जिवंत.

किडनीच्या पेशंटला बटाटा द्यायचा तर सोलून, चिरून, दोनदा उकळून त्याचं पाणी टाकावं लागतं. आई अजून तसाच करते. परवा मी म्हटलं, "आई, आता कशाला?" तिनं पातेल्यातलं पाणी मोरीत ओतलं, नवं घातलं आणि ते परत गॅसवर ठेवलं. भाजीत मीठ नव्हतं. आम्ही दोघींनी ती तशीच खाल्ली.