काकांचे न पोचलेले मेल

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी नागपूरहून बंगळूरला नोकरीसाठी आले आणि मल्लेश्वरममधल्या एका मराठी घरात वरची खोली भाड्याने घेतली. घरमालक काका सरकारी कारखान्यातून इंजिनीअर म्हणून निवृत्त झालेले. काकू याच गावात जन्मलेल्या, त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी सहज मिसळलेलं असायचं. 'स्वल्प थांब' असं म्हणूनच त्या माझ्यापुढे ताट ठेवायच्या. एकुलती एक मुलगी लग्न होऊन अमेरिकेत गेली होती. मी राहायचे ती खोली तिचीच.

माझं ऑफिस तिथून चालत जाण्यासारखं होतं, एका बंगल्याच्या तळमजल्यावर. आम्ही मोजकीच माणसं. आमच्या वेबसाइटवर आईवडिलांनी खातं उघडायचं, चौकटीत मजकूर लिहून बटण दाबायचं, की तो मेल होऊन परदेशातल्या मुलांकडे जायचा. त्यांची उत्तरं आमच्याकडे यायची, ती आम्ही छापून द्यायचो. मेल नेणारा-आणणारा सर्व्हर सांभाळणं हे माझं काम. काका रोज फिरून येताना ऑफिसात डोकावायचे आणि दाराजवळच्या कॉम्प्युटरवर दोन बोटांनी टाइप करायचे. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी, आणि फाइलवर शेरा लिहावा तसे प्रत्येक परिच्छेदाला आकडे. 'एक, हवा बरी आहे. दोन, गॅस सिलिंडर आला. तीन, तू वेळेवर जेवत जा.'

त्या वर्षी काकांची बायपास झाली. मुलीला सातवा महिना होता, तिला विमानप्रवासाची परवानगी नव्हती. ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं, पण घशात घातलेल्या नळीमुळे की कशामुळे, काकांचा आवाज गेला. नुसती हवा बाहेर पडायची. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. काका घरी आले ते निम्मे होऊन आले होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी खुणेनं कागद मागितला आणि पेन्सिलीनं लिहिलं, 'एक, मी घरी आलो.' मी तो मजकूर ऑफिसात नेऊन आकड्यांसकट टाइप केला आणि पाठवला. मग हे रोजचंच झालं.

मुलीकडून एक मेल आला, तो मी छापून घरी आणला. काकूंनी मोठ्यानं वाचायला सांगितलं. 'आई, बाबांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचा एकही मेल नाही. ते लिहीत का नाहीत?'

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काका, मी रोज पाठवतेय. माझ्यासमोर जातो मेल."

"मग मिळत का नाही तिला?" काकूंनी विचारलं.

संध्याकाळी काकूंनी फोन लावला. मी शेजारीच उभी होते, पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता.

"बाबा बरे आहेत गं. आत्ता माझ्यासमोर बसलेत."

"मग फोन दे त्यांना."

"त्यांचा आवाज बसलाय. घशाला नळी होती ना."

"आई, दे त्यांना फोन."

काकांनी रिसीव्हर घेतला. मान पुढे काढून, सगळा जोर लावून ते काहीतरी बोलले. पाण्याची किटली उकळताना येतो तेवढाच आवाज झाला. मग मुलगी इंग्रजीत किंचाळली, "हा कोण बोलतोय?" आणि रडायला लागली. काकूंनी रिसीव्हर परत घेतला, पण फोन बंद झाला होता.

काकू पलंगावर बसल्या. "तिचा विश्वास बसणार नाही," त्या म्हणाल्या. "माझी सासू गेली तेव्हा तिची परीक्षा होती. आम्ही सांगितलंच नाही. पेपर संपेपर्यंत 'आजी झोपलीय' म्हणत राहिलो. आता ती पोटुशी आहे. तिला वाटतंय, बाबा गेले आणि आपण परत तसंच करतोय."

समोर काका बसले होते, जिवंत, मांडीवर शाल घेऊन, आणि समुद्रापलीकडे त्यांची मुलगी त्यांच्यासाठी रडत होती. जावयाला काकूंनी वेगळा फोन करून सगळं सांगितलं. तोही म्हणाला, "मी समजावतोय, पण तिला वाटतं मीसुद्धा तुम्हाला सामील आहे. तिचं ब्लडप्रेशर वाढलंय. डॉक्टरना ते आवडलेलं नाही." मी फोटो पाठवू या म्हटलं. काकूंनी काकांच्या खोल गेलेल्या गालांकडे पाहिलं आणि नको म्हणून मान हलवली. "हे असं बघून तिचं काय होईल?"

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात सर्व्हर उलटापालटा करून पाहिला. मेल बाहेर जात होते. परत आलेला एकही दिसत नव्हता. मग ध्यानात आलं, की वेबसाइटच्या पानावरून जाणाऱ्या मेलच्या पाठीवर परतीचा पत्ता माणसाचा नसतो, सर्व्हरच्या स्वतःच्या खात्याचा असतो. न पोचलेला मेल तिकडे परत येणार. ते खातं कुणीच कधी उघडत नसे. मी उघडलं.

पडद्यावर ओळी सरकू लागल्या त्या थांबेचनात. काकांचे ऑपरेशननंतरचे सगळे मेल तिथे होते, आणि इतर कितीतरी आईवडिलांचेही. प्रत्येकावर तोच शेरा: तुमचा सर्व्हर काळ्या यादीत आहे, तिथून स्पॅम येतो, म्हणून तुमच्याकडचं काही आम्ही घेत नाही. मुलीचा मेलचा पत्ता तिच्या ऑफिसचा होता, आणि तिथला सर्व्हर ती यादी पाहून मगच दार उघडायचा.

स्पॅम आम्ही पाठवत नव्हतो. पण आमच्या सर्व्हरला जगातला कुणीही मेल द्यायचा आणि तो मुकाट्यानं पुढे पोचवायचा. त्या काळी बरेच सर्व्हर असेच मोकळे असत. कुणीतरी परका माणूस ते हेरून आमच्यामार्फत वजन घटवण्याच्या गोळ्यांच्या जाहिराती ढिगानं वाटत होता. मी पाहत असतानासुद्धा जात होत्या. घरात चोर वावरताना दिसावा आणि तोंडातून आवाज फुटू नये, तसं झालं मला.

फुकट मिळणाऱ्या एका वेब-पत्त्यावरून मी काकांचा मजकूर पाठवून पाहिला. तोही परत आला. मुलीच्या ऑफिसात तसले पत्ते सरसकट अडवत होते. म्हणजे आमचाच सर्व्हर यादीतून निघायला हवा होता.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते मूळचे इथलेच, आवाज कधी न चढवणारे, आणि म्हणूनच मला त्यांची जास्त भीती वाटायची.

"सर, बाहेरच्यांसाठी सर्व्हर बंद करायला हवा. सगळ्यांसाठी. मग आपल्या माणसांना एकेक करून आत घेऊ."

"म्हणजे तोवर गिऱ्हाइकांचे मेल थांबणार?"

"काहींचे थांबतील."

"ते निघून जातील. रात्रंदिवस राबून जमवलेत."

"सर, त्यांचे मेल आत्ताही पोचत नाहीयेत. त्यांना ते माहीत नाही इतकंच." मी एक पाऊल पुढे झाले. "आमच्या घरमालकांची मुलगी गरोदर आहे. तिला वाटतंय वडील गेले."

त्यांनी टेबलावरचा फोन स्वतःकडे ओढून घेतला. "सरी, ठीक आहे," ते म्हणाले, "करा बंद. फोन आले की माझ्याकडे द्या."

मी सर्व्हरचं दार बंद केलं. गोळ्यांच्या जाहिराती थांबल्या. यादी ठेवणारी मंडळी अमेरिकेत कुठेतरी होती. त्यांना मेल करून उपयोग नव्हता, तेही आमचं काही घेत नव्हते. त्यांच्या वेबसाइटवर आपल्या सर्व्हरचा नंबर द्यायचा, मग ते आपणहून येऊन दार ढकलून बघणार. उघडं सापडलं तर पुढच्या तपासणीसाठी थांबायचं. मी नंबर दिला आणि बसून राहिले.

उत्तर आलं: अजून उघडं आहे.

मी सगळं परत तपासलं. माझ्या सर्व्हरचं दार घट्ट लागलेलं होतं. दुपारनंतर कळलं, की कोपऱ्यात धूळ खात पडलेलं एक जुनं मशीन, माझ्या आधीच्या कुणीतरी जोडून ठेवलेलं, आमच्याच पत्त्यावरून मेल घेत होतं. मी त्याची वायर उपटली. पण आता थांबणं भाग होतं.

ते थांबणं मी विसरू शकत नाही. काका रोज कागद लिहून ठेवायचे, मी रोज घेऊन जायचे आणि जपून ठेवायचे. एका सकाळी खाली आले तर काकू स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या होत्या. गॅसवर दूध उतू जात होतं आणि त्यांना ते दिसत नव्हतं. जावयाचा फोन येऊन गेला होता. मुलीला हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. ब्लडप्रेशर उतरत नव्हतं, कदाचित दिवस भरण्याआधीच बाळंतपण करावं लागेल म्हणत होते. मी गॅस बंद केला. "वाचेल ना गं?" काकूंनी विचारलं. मुलगी की पोटातलं बाळ, ते त्या बोलल्या नाहीत. काका दारात उभे होते. त्यांचे ओठ हलत होते, ऐकू काहीच येत नव्हतं.

त्याच दिवशी मी परत नंबर दिला. या वेळी पडद्याकडे बघवेना, म्हणून व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. साहेबच बाहेर आले. म्हणाले, "या. बघा काय लिहिलंय." आमचं नाव यादीतून काढलं होतं.

तरीही लगेच काही झालं नाही. तिच्या ऑफिसचा सर्व्हर जुनीच यादी धरून बसला होता. पाठवलं की परत. पुन्हा पाठवलं, पुन्हा परत. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा एकदा शेरा बदलला: स्वीकारलं. मी तीन-चारदा ती ओळ वाचली आणि मग एकेक करून काकांचे सगळे कागद पाठवले. शेवटच्यात होतं, 'चार, तुझ्या आईने उप्पिटात मीठ घालणे बंद केले आहे. पाच, त्यामुळे मी जिवंत आहे की नाही याबद्दल मलाही शंका आहे.'

जावयानं मुलीच्या ऑफिसात जाऊन ते सगळे छापून घेतले आणि हॉस्पिटलमध्ये नेले. त्याचं उत्तर आलं, एका ओळीचं: 'वाचले, मीठ वाचून हसली.' काकूंनी तो कागद माझ्या हातातून घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि पदरानं तोंड झाकून घेतलं.

पण ब्लडप्रेशर त्याने उतरलं नाही. आठवडाभरात मुलीचं बाळंतपण करावं लागलं. नात झाली, इवलीशी. पुष्कळ दिवस काचेच्या पेटीत होती. रोज मेल यायचा, रोज मी छापून आणायचे. अखेर पेटीतून काढल्याचा मेल आला. काकांचा आवाज परतला, पण अर्धाच. पुढे कायम ते चिरक्या आवाजात बोलत.

पुढच्या वर्षी मुलगी लेकीला घेऊन आली. मी तेव्हाही तिथेच राहत होते. तिची खोली तिला देऊन स्वयंपाकघराशेजारी झोपायचे. एका दुपारी बाळ झोपल्यावर ती आणि मी मागच्या पायरीवर बसलो होतो. मी विचारलं, "ते मेल आल्यावर तरी विश्वास बसला ना?"

"खरं सांगू?" ती म्हणाली. "हसले मी. पण मग वाटलं, हे त्यांनी ऑपरेशनच्या आधी लिहून ठेवलं असलं तर? बाबा तसे आहेत, सगळी आधी तयारी करणारे. कुणाला बोलले नाही. सगळ्यांनी इतकी धडपड केली होती. फोनवरचा चिरका आवाज बाबांचा वाटायचा नाही, तरी मानायचं ठरवलं. विमानतळावर ते ट्रॉली ढकलायला पुढे आले, तेव्हा मी त्यांचा हात धरून बघितला. गरम होता."

आतून काकांचा चिरका आवाज आला, चहा झाला का म्हणून. ती उठून आत गेली.