सासूबाईंची टर्म

विद्यापीठाने सेमिस्टर मोडून वर्षाच्या तीन आखूड टर्म केल्या, तेव्हा याचा फटका माझ्या सासूबाईंना बसेल असं कुणी म्हटलं असतं तर मी हसले असते. त्यांनी शाळेची पायरीसुद्धा चढलेली नाही. मी कॉलेजात नेमकं काय शिकवते हे त्यांना लग्नानंतर कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. राज्यशास्त्र म्हटलं की त्या म्हणायच्या, म्हणजे निवडणुकीचं ना, ते तर टीव्हीवर पण दाखवतात.

सासरे गेले तसं धानोऱ्याकडचं गावाचं घर बंद झालं. शेत बटाईने दिलं. सासूबाई दोन मुलांकडे आळीपाळीने राहायला लागल्या. थोरले दीर साखर कारखान्यात, पुरुषोत्तमनगरला क्वार्टरमध्ये राहतात. आम्ही तळोद्याला. पाळी ठरवायला कधी बैठक बसली नाही. ती माझ्या सेमिस्टरवरून आपोआप पडत गेली. जूनमध्ये कॉलेज उघडलं की सासूबाई आमच्याकडे यायच्या आणि पहिलं सेमिस्टर संपलं की दिवाळीला थोरल्यांकडे जायच्या. सुट्टीत मला पेपर तपासायला जावं लागायचं, त्यामुळे ते सोयीचं होतं. आणि दिवाळीनंतर तिकडे कारखान्याचा हंगाम सुरू व्हायचा. उसाच्या गाड्या, भोंगा, शिफ्ट बदलताना रस्त्यावरून जाणारी माणसं, हे सगळं त्यांना दारात बसून बघायला आवडायचं. आमच्याकडे मात्र पावसाळा. मागच्या दारातून सातपुडा हिरवा व्हायला लागलेला दिसायचा, आणि त्या खाटेवर बसून शेजारणींशी गप्पा मारायच्या.

महिने त्यांना कळायचे नाहीत असं नाही, पण त्यांचा हिशोब वेगळा होता. पाऊस म्हणजे तळोदा आणि ऊस म्हणजे पुरुषोत्तमनगर. उन्हाळा संपत आला आणि ढग दिसायला लागले की त्या आपणहून पिशवी भरायला घ्यायच्या. त्या तयार होऊन बसल्या की जाऊबाई मला फोन करायच्या, "तयार हुईसन बठी शेत, लवकर धाडा गाडी."

आमचं दोघींचं फार गूळपीठ होतं असं मी म्हणणार नाही. नोकरी करणारी सून त्यांनी पत्करली, पण सहजासहजी नाही. आल्या दिवशी दारातूनच सुरुवात व्हायची. तुळशीला पाणी नाही का घातलं, डब्यात मिरच्या ठेवल्यात की कचरा ठेवलाय, हे पडदे कुणी निवडले. जेवायला बसल्या की ताटातली भाकरी उचलून उजेडात धरायच्या. "ही भाकर शे का गाडानं चाक?" उडदाची डाळ केली तर पहिल्या घासाला फोडणीवरून, "इतलं शिकनी, पन डाळले बघार देता येस नही तुले." मी मनात उत्तरं तयार ठेवायचे आणि त्यातली निम्मी देऊनही टाकायचे. मिस्टर आम्हा दोघींच्या मध्ये मान खाली घालून जेवायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या हातच्या एकाही पदार्थाला सासूबाईंनी बरं म्हटलं नाही. जाऊबाईंचंही तेच. दोघी जावा फोनवर एकमेकींना त्यांची बोलणी ऐकवून हसायचो.

मग ते परिपत्रक आलं. त्याआधी एक कार्यशाळा झाली. भारी सूट घातलेले एक गृहस्थ बाहेरून आले होते. त्यांनी पडद्यावर बाण आणि गोल दाखवले. शिकवण्याचे आठवडे कमी, परीक्षा जास्त वेळा, मुलांवरचा ताण कमी, असं त्यांचं म्हणणं. मी उभी राहून विचारलं की आमच्याकडे धडगावकडची, डोंगरातली मुलं येतात. घरी पावरी बोलणारी. वर्गात तोंड उघडायलाच त्यांना महिना-दीड महिना लागतो. ती बोलायला लागतील तेव्हा टर्म संपत आलेली असेल, त्याचं काय? गृहस्थ म्हणाले, चांगला प्रश्न आहे. आणि पुढच्या बाणाकडे गेले.

घरी मात्र प्रश्न आणखी सरळ होता. आता वर्षातून तीनदा परीक्षा आणि तीनदा पेपर तपासणी. तपासणीचं केंद्र लांब. सकाळच्या एसटीने जायचं, अंधार पडल्यावर परत. मिस्टर सरकारी नोकरीत, डोंगरातल्या आश्रमशाळांच्या तपासणीला जीपने चार-चार दिवस वर. मुलगा शिकायला बाहेरगावी. आणि सासूबाईंना एकटं ठेवणं आता बरं नव्हतं. त्यांचा विसर वाढायला लागला होता. गॅसवर दूध ठेवायच्या आणि शेजारी जाऊन बसायच्या. एकदा तर भाजीवाल्याला दोनदा पैसे देऊन, वर तिसऱ्यांदा द्यायला निघाल्या होत्या.

तेव्हा आम्ही दोघी जावांनी बसून ठरवलं. एक टर्म आमच्याकडे, एक टर्म त्यांच्याकडे. टर्म संपून परीक्षा लागल्या की सासूबाई तिकडे. पुढची टर्म तिकडेच काढायची, मग परत इकडे. कुणाच्या वाट्याला कमी नाही, जास्त नाही. दोन्ही भावांनीही मान डोलावली. दोन जावांचं इतक्या पटकन एकमत झालेलं बघून दीर म्हणाले, आता पाऊस चांगला पडणार. सगळे हसले. सासूबाईही हसल्या. त्यांना विचारलं नाही असंही नाही. विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "तुमले जसं जमस तसं करा."

पण टर्म तीन आणि घरं दोन. तीनला दोनाने भाग जात नाही, एवढी साधी गोष्ट आमच्यातल्या कुणाच्याही डोक्यात आली नाही. पाळी फिरत गेली. या वर्षी जी टर्म आमच्याकडे, ती पुढल्या वर्षी तिकडे. ऋतू एकीकडे आणि घर दुसरीकडे, असं व्हायला लागलं.

पहिल्या वर्षी सप्टेंबरमध्येच त्यांना पुरुषोत्तमनगरला सोडलं. पाऊस अजून चालू होता. दुसऱ्या दिवशी जाऊबाईंचा फोन. "दारात बठी शेत. म्हनतस, पानी पडी ऱ्हायनं, माले तळोदाले सोडी द्या." मी म्हटलं, चार दिवसांत रुळतील. चार दिवसांत नाही, पण दीडेक महिन्यात रुळल्या. मग ऊस यायला लागला, भोंगा वाजायला लागला आणि त्या खुलल्या. सगळं जागेवर आलं. तोवर जानेवारी उजाडला आणि त्यांची आमच्याकडे यायची पाळी आली.

ऐन हंगामात त्यांना तिथून उठवून आणलं. घरी आल्यावर खाटेवर बसल्या आणि बराच वेळ कान देऊन ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "कारखाना बंद पडना का? भोंगा ऐकू येस नही." मी म्हटलं, माय, तुम्ही तळोद्याला आहात. त्यांनी बाहेर बघितलं. कोरडं, थंडीचं ऊन. "तळोदाले पानी कोठे शे मंग?" असं त्यांनी विचारलं. बाथरूमकडे जायला त्या उलट्या दिशेला वळायच्या, कारण जाऊबाईंच्या क्वार्टरमध्ये ते त्या बाजूला. मी हात धरून वळवायचे. त्या हात झटकायच्या आणि म्हणायच्या, माले समजस. एवढी बोलणी अजून होती. तेव्हा मला त्याची किंमत कळत नव्हती.

पुढच्या जूनमध्ये ढग आले तेव्हा त्या पुरुषोत्तमनगरला होत्या. त्यांनी पिशवी भरली. जाऊबाईंनी ती परत कपाटात रिकामी केली. त्यांनी पुन्हा भरली. असं पुष्कळदा झालं म्हणे. शेवटी जाऊबाईंनी पिशवी तशीच त्यांच्या उशाशी ठेवली, म्हटलं राहू दे, जीव शांत राहील. तेव्हापासून ती पिशवी कधीच रिकामी झाली नाही. आमच्याकडे आल्या तरी त्यातूनच लुगडं काढायच्या, धुतलं की घडी करून त्यातच ठेवायच्या. मी त्यांच्यासाठी कपाटाचा खण मोकळा केला होता. तो मोकळाच राहिला.

नंदुरबारच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, वयाचा आजार आहे, वाढत जाणारच. जागा बदलली की गोंधळ जास्त होतो, तेवढं शक्यतो टाळा. मी विचारलं, आम्ही जागा बदलली नसती तर? डॉक्टर भले माणूस. ते म्हणाले, तरी झालंच असतं, थोडं उशिरा. ते "थोडं उशिरा" माझ्या छातीत अजून तसंच आहे. किती उशिरा, हे कुणाला सांगता येईल? एक दिवाळी? मिस्टर म्हणतात, मनाला लावून घेऊ नको. मी लावून घेते. मला वाईट वाटतं आणि त्याहून जास्त राग येतो, आणि तो राग कुठे काढावा ते कळत नाही. विद्यापीठाला काय सांगू? माझ्या सासूला तुमची टर्म पुरत नाही?

एकाच ठिकाणी ठेवायचा विचार आम्ही केला. मी बिनपगारी रजा मागितली. प्राचार्य म्हणाले, टर्म इतकी लहान आहे की तुमच्या जागी माणूस लावेपर्यंत ती संपेल. जाऊबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, त्यांना कायम ठेवून घेणं शक्य नव्हतं. त्या फोनवर रडल्या. मीही रडले. आणि पाळी चालूच राहिली.

मग एक वेगळंच सुरू झालं. मागच्या दिवाळीच्या सुमाराला त्या आमच्याकडे होत्या तेव्हा माझ्या लक्षात आलं की सासूबाई मला बोलत नाहीत. आधी वाटलं, तब्येत बरी नसेल. भाकरी पुढ्यात ठेवली, त्यांनी निमूट खाल्ली. तुळस सुकली होती, त्यांची नजर तिच्यावरून गेली आणि पुढे सरकली. चहा दिला की दोन्ही हातांनी कप घ्यायच्या आणि म्हणायच्या, "कसाले तरास घेस बाई." पाहुणी बाई वागते तसं. खाटेच्या कडेला, पाय खाली सोडून, पदर सावरून बसायच्या. संध्याकाळ झाली की मिस्टरांना म्हणायच्या, "चाला, आते निंघूत. लोकेसले कितला तरास देवाना." मिस्टर उठून मागच्या अंगणात जायचे आणि बराच वेळ तिथेच उभे राहायचे. आपल्या आईने आपल्याला घरी घेऊन चल म्हणावं आणि आपण आपल्याच घरात असावं, ते त्यांना बघवायचं नाही.

पण मी एक आशा धरून बसले होते. या जूनची टर्म आमची होती. म्हणजे इतक्या दिवसांनी पाऊस आणि तळोदा पुन्हा एकत्र येणार होते. मी ते मनात मोजत होते, कुणाला सांगितलं नव्हतं. वाटत होतं, ढग बघतील, मागचं दार उघडं असेल, समोर सातपुडा असेल, आणि त्यांच्या डोक्यात काहीतरी जागेवर बसेल. खाट मी मुद्दाम जुन्या जागी सरकवली. पडदे सुद्धा तेच, त्यांना न आवडणारे, काढून लावले. शिकलेल्या बाईने असा खुळेपणा करावा का? केला.

त्या आल्या. पाऊस पडला, चांगला पडला. मागचं दार उघडून मी त्यांना खाटेवर बसवलं. त्यांनी डोंगराकडे बघितलं, पावसाकडे बघितलं. पिशवी मांडीवर घेतली. पडद्यांकडे त्यांचं लक्षही गेलं नाही.

रविवार होता. मी दादरची, म्हणजे रब्बी ज्वारीची, भाकरी केली आणि उडदाची डाळ. ताट त्यांच्यापुढे ठेवलं आणि समोर बसले. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, डाळीत बुडवून खाल्ला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. बोला म्हणत होते मनात, एकदा तरी बोला मला. त्यांनी दुसरा घास घेतला, आणि माझ्याकडे बघून इतकं गोड हसल्या की तसं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"बेस व्हयनी डाळ," त्या म्हणाल्या. "तुन्हा हातले चव शे बाई. तुन्ही सासू नशीबनी शे."

मी म्हटलं, "मन्ही सासू माले बोलस. भाकर जाड व्हयनी म्हनस, डाळले बघार नही म्हनस."

"बोलू दे. तू घरनी शे म्हनून बोलस," त्यांनी माझी समजूत काढली. पुढे वाकून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मग दाराकडे, आतल्या खोलीकडे बघत विचारलं, "कोठे शे ती? दखात नही."

मी म्हटलं, "थोरलाकडे गई शे. येई."

त्यांनी मान हलवली. ताटातली शेवटची भाकरी उचलून त्यांनी माझ्यापुढे केली. "मंग ही तिन्हासाठी झाकी ठेव," म्हणाल्या.

मी ती झाकून ठेवली.