मामांनी कॅमेरा बदलला तेव्हा

माझ्या बायकोच्या मामांइतक्या सावकाशीने फोटो काढणारा माणूस साऱ्या रत्नागिरीत दुसरा झाला नसेल. त्यांच्यासमोर बसवलेलं बाळ फोटो निघेपर्यंत रांगायला लागतं, असं लोक म्हणत आणि मामा ते स्वतःच हौसेने सर्वांना सांगत. बाजारपेठेत त्यांचा लहानसा स्टुडिओ होता. वीसेक वर्षं त्यांच्या छातीवर दोन भिंगांचा एक चौकोनी कॅमेरा लटकत असे. त्याच्या वरच्या काचेत बघायचं. तिथे डावं उजवीकडे दिसे आणि उजवं डावीकडे. एका रोलवर बाराच फोटो, म्हणून प्रत्येक फोटोआधी मामा शर्टांची बटणं, मुलींच्या वेण्या, मागे वाळत टाकलेली लुगडी, सगळं तपासत. उलटं बघून बघून त्यांच्या डोक्यातल्या दिशाही फिरल्या होत्या. आमचा घरचा फोटो घेताना ते "जरा डावीकडे, अजून डावीकडे" म्हणत राहिले आणि माझे वडील मुकाट्याने सरकत सरकत अळवाच्या वाफ्यात जाऊन उभे राहिले. "तुम्ही निघालात कुठे हो?" मामांनी चकित होऊन विचारलं.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास माझ्या मेहुण्याने मस्कतहून त्यांच्यासाठी नवा जपानी कॅमेरा आणला. एकच भिंग, तेही बदलता येणारं, डोळ्याला लावून बघायचं आणि एका रोलवर छत्तीस फोटो. दोन आठवडे मामांनी तो नुसता पुसला. मग एका सकाळी जुना कॅमेरा ट्रंकेत घातला आणि मामींना म्हणाले, "आता यापुढे हाच." अडचण एवढीच निघाली, की मामांना एक डोळा मिटता येत नसे, मिटले तर दोन्ही मिटत. शेवटी मामींनी त्यांच्या डाव्या डोळ्यावर रुमाल बांधून सराव करून घेतला. गिऱ्हाइकांना वाटलं, मामांना रांजणवाडी झाली. एका आजींनी तर लवंग उगाळून आणली. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मामांनी ती बिनतक्रार लावून घेतली.

नव्या कॅमेऱ्यावरचं पहिलं लग्न मीच मिळवून दिलं. बँकेतल्या माझ्या सहकाऱ्याची मुलगी हर्णेच्या एका शिक्षकाला दिली होती. त्या दिवशी मामा ओळखू येत नव्हते. वाकून, स्टुलावर चढून, पंगतीत शिरून ते फोटो घेत सुटले होते. कॅमेऱ्यावरचा आकडा छत्तीसच्या पुढे सरकला तेव्हा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "जपानी माणसाचं माप सढळ असतं हो!" चाळिसावा फोटो त्यांनी नवरीची गाडी वळताना घेतला आणि तरीही रोल संपेना, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. स्टुडिओतल्या अंधाऱ्या खोलीत जाऊन त्यांनी कॅमेरा उघडला. फिल्मचं टोक रिळाच्या खाचेत अडकलंच नव्हतं. सगळी फिल्म डबीतच होती, कोरी.

"रोल खराब निघाला म्हणून सांगा," मामी हळूच म्हणाल्या.

"रोल उत्तम आहे," मामा म्हणाले. "खराब मी निघालो."

ते तडक मुलीच्या बापाकडे गेले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. माझा सहकारी एवढंच म्हणाला, "हर्णेला कळवायचं कसं?" मामा म्हणाले, "मीच जातो." चौथ्या दिवशी, जुना कॅमेरा ट्रंकेतून काढून, ते मला घेऊन एस.टी.त बसले.

मुलीच्या सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मांडव उतरवला हो आम्ही," त्या म्हणाल्या. मग आत वळल्या, "सूनबाई, शालू नेस गो पुन्हा." नवरदेव शाळेतून आला. शेजारणींनी मुंडावळ्या बांधल्या. मासळीचा लिलाव आटोपून आलेली माणसं कुंपणाशी उभी राहिली. मामांनी नेहमीच्या सावकाशीने बारा फोटो घेतले. लग्नात मान वर न करणारी ती मुलगी सासूच्या कानात काहीतरी बोलली आणि दोघी खळखळून हसल्या. तो फोटो इतका सुरेख आला, की पुढे सासूबाईंनी तो मोठा करून ओटीवर लावला.

मामांनी नवा कॅमेरा सोडला मात्र नाही. पुढे कितीतरी लग्नं त्यांनी त्याच्यावरच केली. रोल घातला की नवरीच्या बापाला जवळ बोलावून, "हे बटण फिरतंय ना? म्हणजे फिल्म सरकतेय. नीट बघा," असं साक्षीला धरीत. लोक हसत. मामाही हसत.

पण हर्णेहून परतताना ते हसले नव्हते. रात्री आम्हाला मुक्कामाला ठेवून घेऊन सासूबाईंनी सकाळी सोबत आंबोळ्या बांधून दिल्या होत्या. दापोली मागे पडली तरी मामांनी पुडकं सोडलं नव्हतं.

"फोटो चांगले येतील," मी म्हटलं.

"येतील की." खिडकीबाहेर बघत ते म्हणाले. "पण लग्नाच्या दिवशी निघताना ती बापाला बिलगली होती ना, आणि त्याने तोंड फिरवलं होतं. ते मी एकट्याने बघितलं. त्या दोघांना आता ते कधी दिसायचं नाही."